मरियामायचा वाढदिवस आणि आमचा धान

आमच्या घरी वाढदिवस नावाची भानगडच नव्हती. जन्म सगळ्यांचे झाले होते, पण ते कधी झाले हे धानाला ठाऊक होतं, कॅलेंडरला नाही. माय सांगायची, थोरली रोवणीच्या चिखलात झाली, दुसरी मळणीच्या वेळेस, तिसरी धानामागून पेरलेली लाखोरीची डाळ शेंगांवर असताना. "अन् तू, अंते, धान पोटरीवर होता तवाची." पोटरीवर म्हणजे लोंब, धानाचं कणीस, आत तयार झालेली असते, पण बाहेर आलेली नसते. देठ तेवढा फुगलेला दिसतो. यावरून माणसानं तारीख काढायची म्हटली तर कशी काढणार? शाळेत नाव घालताना गुरुजींनी हा प्रश्न एका फटक्यात सोडवला. आमच्या वर्गातल्या सगळ्यांनाच त्यांनी एक जुलैला जन्माला घातलं. आजही बँकेत आणि दवाखान्यात मी एक जुलैचीच आहे. त्या दिवशी सकाळी मोबाइलवर बँकेच्या शुभेच्छा येतात, नातवंडं 'हॅप्पी बर्थडे आजी' करतात, आणि मीही निमूट केक खाते. बँक इतक्या प्रेमानं बोलते, तिला कशाला खोटं पाडायचं?

नाव अंतकला. चौथी पोरगी झाल्यावर आमच्याकडे असली नावं ठेवत, म्हणजे वर देवाला कळावं की आता पुरे. देवाला काही कळलं नाही, माझ्यामागून पाचवी आलीच. हे नाव ठेवलं होतं मोठीमायनं. मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले, तिच्या पोटी मूलबाळ नव्हतं, आणि घरातला सगळा हुकूम तिचा. माय भाकरी थापायची, पण पीठ किती काढायचं ते मोठीमाय सांगायची. तिला सगळे भ्यायचे आणि ती लहानमोठं न बघता सगळ्यांना अरेतुरे करायची. माझ्या जन्माची गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. यंदा पोरगाच, अशी तिची खात्री होती. म्हणून मायच्या पोटात कळा सुरू झाल्याबरोबर तिनं गावात वाटायच्या खिरीसाठी पातेलंभर दूध चुलीवर चढवलं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी हाये." मोठीमायनं तेच पातेलं उतरवलं आणि दुधाला विरजण लावलं. "लई गोड दही लागलं होतं त्या दुधाचं," ती म्हणायची, आणि सगळे पोट धरून हसायचे. मीसुद्धा हसायची. हसण्याशिवाय दुसरं करणार काय?

आमच्या गावापासून पायी अर्ध्या तासावर, करडी गावाच्या वाटेला, सिस्टर लोकांचं छोटं मिशन होतं. दोन खोल्यांचा दवाखाना, एक शिवणाचा वर्ग आणि कौलारू चर्च. चर्चमध्ये जाणारी घरं जेमतेम सहा-सात, पण शिवणाच्या वर्गात आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरी. मी तेव्हा तेरा वर्षांची. शिकवायला सिस्टर फिलोमिना. मंगळूरकडच्या, सावळ्या, हसऱ्या, आणि मराठी अशी बोलायच्या की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. पावसाळा सरत आला की त्या नऊ दिवस आमच्याकडून फुलं आणवून घ्यायच्या. तेरडा, गुलबास, कण्हेर, जे मिळेल ते. मरियामातेच्या निळ्या-पांढऱ्या मूर्तीपुढं आम्ही टोपल्या रिकाम्या करायचो, त्यांच्या भाषेतलं एक गाणं अर्थ न कळता बेंबीच्या देठापासून म्हणायचो, आणि मग गूळ-खोबरं मिळायचं. गाणं अजून पाठ आहे. अर्थ अजून ठाऊक नाही.

एका दुपारी बटणाचं काज करता करता मी विचारलं, हे नऊ दिवस कशाचे? सिस्टर म्हणाल्या, मरियामातेच्या वाढदिवसाचे, आठ सप्टेंबरचे. मग त्यांनी सांगितलं की तिच्या आईचं नाव अॅना, वडलांचं योआकीम. वय होत आलं तरी मूल नाही. योआकीम देवळात दान घेऊन गेला तर निपुत्रिक म्हणून लोकांनी त्याला परत पाठवलं. तो रडत डोंगरात निघून गेला, इकडं अॅना अंगणात रडत बसली. मग देवानं त्यांचं ऐकलं आणि मुलगी झाली. तीच मरिया. ही गोष्ट बायबलात नाही, सिस्टर म्हणाल्या, लोकांनी पिढ्यानपिढ्या तोंडी जपली. जेरुसलेमात अॅनाचं घर होतं म्हणतात त्या जागेवर लोकांनी देऊळ बांधलं, त्या देवळाच्या उद्घाटनाच्या दिवसावरून हा सण पडला. "खरी तारीख कोणाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे तिचीही तारीख कुणीतरी गुरुजींनीच लिहिली होती. मी एकच विचारलं, "मुलगीच झाली, तरी सण?" सिस्टर सुई थांबवून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मुलगी झाली म्हणूनच सण."

आठ सप्टेंबरला त्यांच्या गावाकडं नव्या धानाची कणसं चर्चमध्ये आणतात. फादर आशीर्वाद देतात, मग प्रत्येक घराला एकेक कणीस मिळतं, त्याचे दाणे खिरीत घालून सगळं घर एकत्र जेवतं. जो घरी नसेल त्याला दाणे पाकिटातून पाठवतात. सिस्टरना त्यांची आई दर वर्षी दोन दाणे पाठवायची. आई गेल्यापासून पाकीट येत नव्हतं. "इतका धान आहे इथं चारी बाजूंनी," त्या म्हणाल्या, "यंदा आपण इथंच करू. जी मुलगी कणसं आणेल ती मिरवणुकीत सर्वांत समोर चालेल, आणि खिरीची पहिली वाटी तिची." आता सांगते, त्या वयापर्यंत मला पहिलं काहीच मिळालं नव्हतं. झगा तीन बहिणींच्या अंगावरून उतरून यायचा, पाटीसुद्धा कोपरा फुटलेली. माझा हात आपोआप वर गेला. "आमच्या बांधीत लोंब येऊन राहिली, सिस्टर. मी आणतो." वर्गातल्या सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. त्याही शेतकऱ्यांच्याच. त्यांना पक्कं ठाऊक होतं की आमच्याकडचा हलक्यातला हलका, लवकर येणारा धानही दसऱ्याच्या आधी कापणीला येत नाही. समुद्राकाठी तो लवकर होत असेल. पण एकीनंही तोंड उघडलं नाही. फजिती बघायला मिळणार असेल तर मैत्रिणी फार शहाण्या होतात.

आमची बांधी, धानाचं खाचर, बोडीच्या खाली, म्हणजे गावच्या लहान तलावाखाली, घरापासून हाकेच्या अंतरावर. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, जाऊन पाहिलं तर धान मांडीएवढा, हिरवागार, देठ फुगलेले, आणि लोंब एक नाही. तरी रात्रीच्या जेवणात मी विषय काढला की सिस्टरना चार लोंबा द्यायच्या आहेत, नाही आल्या तर देठच कापून देऊ. बाबांनी घास तसाच धरून मोठीमायकडं पाहिलं. मोठीमाय म्हणाली, "पोटुश्या बाईवर कोणी इळा चालवते काय वं?" आमच्याकडं पोळ्याला धान पोटुशी राहतो असं मानत. त्या दिवशी कोणी बांधीत पाय टाकत नाही, आणि तिथून लोंब बाहेर पडेपर्यंत विळा आढ्याला खोचलेला. गवत काढायचं तरी हातानं. "माझ्या जिवात जीव असेपर्यंत त्या धानाले पातं लागणार नाई," मोठीमाय म्हणाली आणि कढी मागितली. विषय संपला.

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. रोज फुलं घेऊन जायची, रोज सिस्टर विचारायच्या, "अंतकला, कणसं मोठी झाली?" आणि मी रोज मान हलवायची. एक दिवस तर म्हणून बसले, वितीएवढी झाली. सिस्टरनी आनंदानं सगळ्यांना निरोप धाडले, भंडाऱ्याहून मोटारसायकलनं येणाऱ्या फादरनाही. खोटं बोलायचं तर आखूड तरी बोलावं, पण ती अक्कल पुढं संसारात आली. शेवटी सणाच्या आदल्या दिवशी मला एक युक्ती सुचली. बोडीच्या काठाला, पाळीवर, धानासारखं दिसणारं गवत असतं, त्याला मात्र चांगल्या तुरेदार लोंबा आलेल्या होत्या. त्याच न्यायच्या. मंगळूरच्या बाईला काय कळणार? मी मूठभर उपटल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि वळले, तर समोर मोठीमाय, कमरेवर हात ठेवून.

"हे कोणत्या बैलाले?" तिनं विचारलं. मग मला रडू फुटलं ते थांबेना. रडत रडत मी सगळं सांगितलं. हात वर केला ते, वितीएवढी म्हटलं ते, फादर येणार ते. "अन् मले समोर चालाचं हाये," मी म्हटलं, "एक डाव." मोठीमायनं गवत माझ्या हातातून घेऊन पाण्यात भिरकावलं. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण ती पाळीवर बसली आणि म्हणाली, "वाढदिवस कोनाचा म्हनली तू?" मी अॅनाची गोष्ट सांगितली. वय झालं, लेकरू नाही, लोकांनी दारातून परत पाठवलं, मग मुलगी झाली. मोठीमाय पदरानं पायाचा चिखल पुसत ऐकत होती. "पोरगी झाली तं रडली नाई ते अॅनाबाई?" "नाई. लोकं दोन हजार वर्सापासून खीर वाटून राहिले." चिखल निघून गेला तरी मोठीमाय पाय पुसतच राहिली. तेव्हा मला तो राग वाटला. आज मी तिच्याच वयाची आहे, म्हणून सांगते, तो राग नव्हता. मग उठता उठता म्हणाली, "पोटुशी बाई देवदर्शनाले जात नाई काय? जाते. फकत तिले कापून नेत नाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ती बांधीत उतरली आणि रोवणीला लागल्यासारखी वाकून चार ठोंबं मुळांसकट, खालच्या चिखलासकट, दोन्ही हातांनी अलगद उचलली. एक मूळ तुटू दिलं नाही. घमेल्यात ठेवली, वर बोडीचं पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, आणि मायचं धुतलेलं लुगडं भोवती गुंडाळलं. घमेलं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "पोरीच्या जातीचा भरवसा नाई, पाडशीन," ती मला म्हणाली. मला काय मिळालं? छत्री. धानाला ऊन लागू नये म्हणून मी तिच्यामागून टाचा उंचावत छत्री धरून चालत होते, आणि माझ्यामागं माय. वाटेत भेटेल तो विचारायचा, कुठं निघाली वो माय? मोठीमाय म्हणायची, "पोटुशी हाये, देवाले नेऊन राहिली." समोर चालायचं स्वप्न असं छत्रीखाली गेलं.

चर्च भरलेलं होतं. सिस्टरनी केळीची पानं मांडून कणसं ठेवायला जागा केली होती. मोठीमायनं लुगडं सोडलं आणि त्यांच्यासमोर आला हिरवा पाला. सिस्टरनी पानं इकडंतिकडं करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता लहान झाला. माझ्या कानातून वाफा निघत होत्या. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "कणसं कुठं आहेत?" मोठीमाय म्हणाली, "आत." तिनं सिस्टरचा हात धरला, त्यांची दोन बोटं एका फुगलेल्या देठावर ठेवली आणि वरून खाली हळूच दाबत नेली. "पाह्य. इथं हाये ते. लागलं हाताले?" सिस्टर थांबल्या. बोट पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. आत लोंब असते ती बोटाला कळते, मऊ, गाठीगाठीची. "आहे," त्या म्हणाल्या. मग डोळे भरून आले त्यांचे, आणि हसूही आलं. फादरनीही हात लावून पाहिला, मग त्या सहा-सात घरांतल्या बायांनी, मग त्या माझ्या शहाण्या मैत्रिणींनी, जणू जन्मात धान पाहिला नव्हता. "जन्माच्या आधीचा दिवस आणला तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "अॅनाचा दिवस."

फादरनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि नेमका तेव्हाच चिखलातून एक खेकडा बाहेर आला. चांगला मुठीएवढा. काठावर क्षणभर थांबला आणि खाली उतरून तिरका तिरका थेट फादरच्या बुटाकडं निघाला. पोरी बाकांवर चढल्या. फादर दोन पायऱ्या मागं गेले. आम्ही सगळ्या चिखलातच वाढलेल्या, पण देवळात खेकडा कसा धरायचा हे कोणालाच सुचेना. सिस्टर फिलोमिना मात्र झगा सावरून वाकल्या, त्याला पाठीमागून दोन बोटांत पकडला आणि पाण्याच्या घागरीत टाकून वर ताटली ठेवली. त्यांच्या गावची समुद्राची विद्या ती. मोठीमायनं पहिल्यांदा कोणाकडं तरी आदरानं पाहिलं. "लई कामाची हाये ही बाई," ती मायला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग प्रार्थना झाली. मध्ये मध्ये घागरीत खडखड होत होती, आणि गाणं म्हणताना आमच्या रांगेत कोणीतरी फुटायचं आणि सगळी रांग फुटायची.

खीर मागच्या वर्षीच्या तांदळाचीच झाली. पहिली वाटी सिस्टरनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मी खोटं बोलले होते. त्या म्हणाल्या, "हो, वितीएवढं." आणि वाटी परत घेतली नाही. मोठीमायनं मात्र निघायची घाई लावली, पोटुशी उन्हाच्या आत घरी पोचली पाहिजे. घागरीतला खेकडाही तिनं मागून घेतला. आणलं तेवढं सगळं परत न्यायचं, असा तिचा हिशेब. बांधीत ज्या जागेवरून ठोंबं उचलली होती त्याच जागेवर तिनं ती परत रोवली, खेकडा सोडला आणि हात धुवायला वाकली. धुऱ्यावर उभी राहून माय धानाकडं बघत होती. ती फार कमी बोलायची. म्हणाली, "अशाच धानात अंती झाली होती." बस, एवढंच. मोठीमायचे हात पाण्यातच राहिले. तिनं वर पाहिलं, धानाकडं, मग माझ्याकडं, जणू माझं नाव काय ते तिला आठवत नव्हतं.

दिवे लागायच्या आधी पाहिलं तर आमच्या चुलीवर पातेलंभर दूध चढलेलं. मोठीमाय शेजारून आणखी दोन लोटे मागून आणत होती. आम्हा बहिणींना काही कळेना. नवीन तांदूळ नाही, सण नाही, घरी पाहुणा नाही, आणि ही बाई गूळ फोडून राहिली. खीर झाल्यावर तिनं वाट्या भरल्या, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चाल. तू समोर चाल." मी समोर, ती मागं, अशा आम्ही आळीतून निघालो. पहिलं घर सीताकाकूचं. काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. खीर बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय वो, कायची खीर आणली?"

"पोरगी झाली आमच्या घरी," मोठीमाय म्हणाली.

काकू गोंधळल्या. आमच्या घरात पोटुशी कोणी नव्हती, एक धान सोडला तर. "कोनाले झाली? कवा?"

मोठीमायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मायला पीठ किती काढायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तेरा वर्सं झाले. वाटाचं राहून गेलं होतं."